गर्दीतली मोकळी जागा

यात्रेत चेंगराचेंगरी होऊ नये म्हणून संयोगिताने उचगावच्या देवळापुढच्या चौकातली गर्दी आधी कॉम्प्युटरवर उभी केली होती. एकेक ठिपका म्हणजे एकेक माणूस. पण चौकाच्या मधोमध येताच सगळे ठिपके वळसा घालून पुढे जात.

"शशिधर, हितं खांब घातलायस काय?" तिने सहकाऱ्याला विचारलं.

"न्हाय की मॅडम. मोकळीच जागा हाय ती."

तिने सगळा प्रोग्राम नव्याने लिहिला. ठिपके तरीही वळलेच.

यात्रेच्या सकाळी दोघं चौकातल्या एका घराच्या गच्चीवर उभी राहिली. खाली गुलालाने माखलेली माणसं खांद्याला खांदा लावून सरकत होती आणि मधोमध एका माणसापुरती फरशी कोरी होती. तिकडे कुणीच बघत नव्हतं. बोलत, हसत सगळे वळसा घालत होते. भीतीपेक्षा मोठं काहीतरी संयोगिताच्या छातीत दाटून आलं.

मग ती मोकळी जागा हलली.

गर्दीतून वाट काढत ती या घरापाशी आली. बाहेरच्या जिन्यावर बसलेली माणसं गप्पा न थांबवता भिंतीला सरकली.

"मॅडम, वर यायलंय ते," शशिधर पुटपुटला.

आपण हात जोडून केव्हाच कठड्याला सरकलो आहोत, हे संयोगिताला तेव्हा कळलं.