चढ टाळा

मेव्हणीचं नवं घर टेकडीवर होतं. तिथं गेलेल्या बायकोचा दम्याचा पंप संपला. "दाजी, ताईला श्वास घेता येईना," मेव्हणी फोनवर रडत होती. नवा पंप खिशात टाकून त्यानं सायकल दामटली. रस्ता दाखवणारा हँडलवरचा मोबाईल लाडानं म्हणायचा, "डावीकडे वळा." वळलं की टेकडी मागे पडायची, अंतर वाढायचं. त्यानं मोबाईल बंद-चालू केला, झटकला, हात जोडले, शिव्या घातल्या. शेवटी सेटिंग उघडल्यावर स्वतःचीच करामत दिसली. ढेरीला त्रास नको म्हणून त्यानंच 'चढ टाळा' निवडलं होतं. त्यानं ते काढलं. "उजवीकडे वळा." उजवीकडे भिंतीसारखा चढ होता. तो जीव खाऊन वर पोचला आणि पंप देऊन दारातच कोसळला. बायकोनं दोन झुरके घेतले, सावरली आणि त्याची धाप बघून पंप पुढे केला. "घ्या, आता तुम्ही ओढा."