दिपूचा रंग

"ही मनी दिपू नही," असं म्हणून कमलबाई पहिल्या मॉनिटरसमोरून बाजूला झाल्या.

धुळ्यातल्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात मालक नवलने ओळीने मांडलेल्या सगळ्या मॉनिटरवर एकच फोटो लावून ठेवला होता. फोटो स्टुडिओवाल्या कुंदननेच काढलेला. दीपमालाचा, म्हणजे दिपूचा, साखरपुडा. शेजारी नवरा मुलगा, दुसऱ्या बाजूला लेकीचा हात हातात धरून उभ्या कमलबाई. पुढे महिन्याभरातच दिपू तापीत गेली. पाय घसरला, असं गावात सांगतात. आता वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. भिंतीवर लावायला फोटो हवा होता आणि कुंदनने दिलेली प्रत्येक प्रिंट कमलबाई परत आणत होत्या. "तोंड तिनंच शे भाऊ, पन रंग तिना नही."

कुंदनला वाटलं, स्टुडिओतला आपला जुना मॉनिटरच रंग खोटे दाखवत असणार. नवा घ्यायचा होताच. म्हटलं, ज्यांना रंग पटायचा त्यांनाच सोबत नेऊ.

"ही पिवळी," कमलबाई दुसऱ्यासमोर म्हणाल्या. तिसऱ्यासमोर थोडं थांबल्या. "ही लाल. ताप भरेल शे जशी."

"अक्का, आता हा बघा," नवल शेवटच्या मॉनिटरकडे वळला. "फोटोच्या कामासाठीच येतो. जे आहे ते दाखवतो, पदरचं काही घालत नाही." काचेवर उजेड पडू नये म्हणून त्याने दुकानातल्या ट्यूबा बंद केल्या, शटर अर्धं खाली ओढलं आणि कॅमेऱ्यातून आलेला मूळ फोटो उघडला.

कुंदनने आधी ओळखीच्या वस्तू पाहिल्या. झेंडूच्या माळा, दिपूचा हिरवा शालू, नवऱ्या मुलाचं मोतिया जाकीट. सगळं जसंच्या तसं. आपलाच फोटो इतका खरा त्याने कधी पाहिला नव्हता.

कमलबाई काचेच्या अगदी जवळ गेल्या. बोट उचललं, पण टेकवलं नाही.

"हाऊच," त्या हळूच म्हणाल्या. "हाऊच रंग."

कुंदनचा जीव भांड्यात पडला. "पटला ना अक्का? घरात वावरायची तेव्हा अशीच दिसायची ना?"

"नही भाऊ. तापीम्हाईन काढी, तव्हय. तव्हय हाऊच रंग व्हता तिना."

नदीतून बाहेर काढली तेव्हाचा रंग. कुंदनने पुन्हा पाहिलं. दिपू हसत होती. ओठांच्या कडा निळसर होत्या, गालांवर राखेची झाक होती. आईच्या हातात तिचा हात होता. आईचा हात गव्हाळ, नखांखाली रक्त दिसणारा. आणि त्यात धरलेला लेकीचा हात... त्याला तिकडे बघवेना.

"याचीच सेटिंग बिघडली असेल," तो म्हणाला.

नवलने रंग मोजायचं छोटं यंत्र काचेला चिकटवलं, आकडे पाहिले. "नाही भाऊ. बरोबर दाखवतोय." त्याने आपला तळवा पडद्याजवळ नेला, रंगाशी रंग लावून पाहिला आणि चटकन मागे घेतला.

कुंदनला तो मांडव आठवला. तेव्हा त्याने मांडवातल्या उजेडाला दोष दिला होता, आणि स्टुडिओत बसून चेहऱ्यावर लाली चढवली होती. फक्त तिच्याच चेहऱ्यावर. बाकी कुणाला ती लागलीच नव्हती.

"दुसरे फोटो लावून बघू," नवल म्हणाला. कुंदनच्या पेनड्राइव्हमधलं एक बारसं उघडलं. बाळ गुलाबी. मग फेटा बांधलेला एक म्हातारा शेतकरी, उन्हाने रापलेला, तजेलदार. नवलने सुटकेचा श्वास सोडला आणि पुढचा फोटो लावला.

भूमिका नावाची मुलगी. मागच्याच आठवड्यातला साखरपुडा, लग्न तोंडावर आलेलं. ओटीतला नारळ तपकिरी, गजरा पांढराशुभ्र, आजूबाजूच्या आत्या-माम्या घामाने चमकणाऱ्या. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध तोच रंग. निळसर ओठ, राखेचे गाल, हसू.



"ही कोननी पोर शे?" कमलबाईंनी विचारलं. "जित्ती शे ना?"

"आहे. आहे ना अक्का. रविवारीच भेटली मला."

"फोन लाव."

कुंदनने भूमिकाच्या वडिलांना, जीवरामभाऊंना फोन लावला. पलीकडून मोकळा, आनंदी आवाज आला. "बोला कुंदनभाऊ! अल्बम झाला का?" काय सांगणार होता तो? तुमच्या पोरीचा रंग बरा दिसत नाही, हे मला दुकानातल्या मॉनिटरने सांगितलं?

कमलबाईंनी हात पुढे केला आणि फोन घेतला.

"दादा, फोटोवाल्यासकडथीन बोलस मी. पोरले फोन दे ना. शालूना रंग इचारना शे."

दार उघडल्याचा आवाज आला, मग बांगड्यांचा. मग बारीक "हॅलो".

कमलबाईंनी पडद्याकडे पाठ केली. नवलने पुढे केलेल्या स्टुलावर बसल्या आणि फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"माय, मी तुनी कोनी नही. पन आज मी तुले देखं. तुना बापले मी काही सांगाव नही. मनी पोरले मी कधी इचारं नही. तुना मनम्हा काय शे ते माले सांग."

पलीकडे नुसता श्वास. जीवरामभाऊंचा हसण्याचा आवाज लांबून येऊन गेला. नवलने मॉनिटर बंद करायला हात नेला, तो कुंदनने धरला.

मग फोनमधून काहीतरी फुटल्यासारखा हुंदका आला. कमलबाईंनी डोळे मिटले.

"रड, माय. घाई नको करू. मी बठेल शे."