सुटलेले झेल

आरवचा पत्ता कापला तर ईप्सिताला काय मिळणार होतं? नुसतं समाधान. सहा महिने वणवण करून जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नमध्ये तिला सापडलेली खोली, बघायला सोबत नेलेल्या या पठ्ठ्याने परस्पर करार करून लाटली होती. आता विद्यार्थ्यांच्या अमेरिकन फुटबॉल संघात क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, जागेसाठी आरव आणि लुकास भिडले होते. दहा-दहा चेंडू त्यांनी फेकायचे, ईप्सिताने झेलायचे. लुकासचे तिने झेपावून टिपले; आरवचे हातमोज्यांत अलगद आलेले सात सोडले. “बोटांना लोणी लावलंयस का गं?” आरव ओरडला. “फ्रिज तुझ्या खोलीत ना, इथे वितळतं.” कोचबाई जवळ आल्या. “आल्झो, तर मग, झेल मी मोजत नाही, फेक बघते. आरवची प्रत्येक फेक तुझ्या हातात आली. क्वार्टरबॅक तोच. तू मुद्दाम सोडलेस, संघाचे हातमोजे परत दे.” खोलीही आरवची, जागाही आरवची, सुडाची किंमत ईप्सिताच्या थंडीत उघड्या पडून गारठलेल्या हातांनी मोजली.