रिकामा पाळणा देऊ नये

“मॅडम, कोड भेज दिया है. बस पिन डालिए, पैसा आपके खाते में आ जाएगा,” फोनमधला माणूस म्हणाला.

मेघाश्रीने हात पदराला पुसले. त्याने पाठवलेला कोड उघडताच फोनवर पिनसाठी रिकामी घरं आली होती. लेकीच्या, काव्याच्या वेळचा पाळणा विकायची जाहिरात तिने सकाळीच ऑनलाइन टाकली, आणि दुपारच्या आत गिऱ्हाईक! तेही व्हाइटफील्डमधला कुठलासा मॅनेजर, बहिणीच्या बाळासाठी घेणारा, आणि सांगितलेल्या किमतीला लगेच हो म्हणणारा. चिकपेटेच्या बाजारात वाढलेल्या बाईला खरं तर इथंच शंका यायला हवी होती. तिथं सुयांचं पाकीटसुद्धा घासाघीस केल्याशिवाय कोणी नेत नाही. पण आनंदाच्या भरात माणसाला एवढं कुठलं सुचतं?

त्या खात्यात तिची स्वतःची कमाई होती. साड्यांच्या पदराला कुच्चू, म्हणजे रेशमी गोंडे, बांधून बांधून जमवलेली. तिच्यात पाळण्याचे पैसे पडले की पिको-फॉलचं मशीन घरात येणार होतं. मग दुकानदारांच्या दारात कामासाठी ताटकळणं नको.

तिची सासू तुंगाबाई पाळण्याच्या कड्यांना तेल लावत बसली होती.

“रिकामा पाळणा द्यायचा नसतो गं. बारशाला आधी वरवंटा घालतात त्यात, मग बाळ. विचार त्याला, वरवंटा आहे का घरात? का आपण घालून देऊ?”

“अत्ते, स्वल्प थांबा की.”

“थांबते. पण विचार.”

सासूपुढं कोणाचं चाललंय? मेघाश्रीने विचारलं, “सर, बच्चा कितने दिन का है?”

“बच्चा? वो सब बाद में, मॅडम. पहले पिन डालिए. जल्दी.”

“काय म्हणतो?” तुंगाबाईचं हिंदी बेताचंच होतं.

“घाई आहे म्हणे त्यांना.”

“पाळणा नेणाऱ्याला बाळाचं नाव काढायला सवड नाही? नवलच की! आणि मघापासून पिन मागतोय तर देऊन टाक.” तुंगाबाईने हातातल्या बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून सुनेपुढे धरली.

मेघाश्रीला हसू आवरेना. “ही नव्हे, अत्ते. ती पिन म्हणजे आकडे असतात. माझ्या खात्याची किल्ली म्हणा ना.”

“पैसे तो घालणार, नव्हे?”

“हो.”

“मग किल्ली तुझी कशाला? देवळातल्या हुंडीच्या पेटीत पैसे टाकायला किल्ली लागते काय?”

तुंगाबाईने टोमणा मारला नव्हता. तिला खरोखरच कळलं नव्हतं. पण मेघाश्रीचं बोट फोनवर टेकायचं ते तसंच राहिलं. भाजीवाल्याला पैसे देताना ती रोज पिन टाकायची. कुच्चूचे पैसे मात्र आपोआप यायचे, ती भाकरी थापत असली तरी यायचे. त्यासाठी तिने एकदाही काही टाकलं नव्हतं.

तिने फोन नीट वाचला. वर त्या माणसाचं नाव होतं, खाली रक्कम होती, आणि पैसे तिच्याच खात्यातून निघायच्या तयारीत होते.

“सर, पैसा आने के लिए पिन नहीं लगता.”

“आप पढ़ी-लिखी नहीं हैं क्या?” तो ओरडला. मेघाश्रीने फोन बंद केला, त्याचा नंबर अडवून टाकला आणि मग तिला रडूच कोसळलं.

“वेडी का काय!” तुंगाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. “एक गिऱ्हाईक गेलं म्हणून कोणी रडतं होय?”

दुसऱ्या दिवशी जाहिरात पाहून देवनहळ्ळीहून प्रेमा आली. तीही त्यांच्यासारखीच इथल्या जुन्या मराठी घरातली, बरोबर नवरा गुरुराज. बहिणीची मुलगी कोणासारखी दिसते, रविवारी बारसं कुठं आहे, हे सगळं तिने चप्पल काढता काढताच सांगितलं. मग पाळण्याच्या एकेका कडीला नाव ठेवत तिने असा भाव पाडायला घेतला की मेघाश्रीचा जीव भांड्यात पडला.

सौदा ठरला. गुरुराजने पैसे पाठवले आणि आपला फोन पुढे केला. “गेले बघा, अक्का.”

“तुमचे गेले, सरी, बरोबर. माझे येऊ देत, अण्णा.”

तिने आपल्या फोनवर स्वतःचं खातं उघडलं. प्रेमाने भिंतीवरचं कॅलेंडर वाचून काढलं. शेवटी पैसे जमा झालेले दिसले तेव्हा मेघाश्री मान हलवून म्हणाली, “आले. आता न्या.”

तेवढ्यात तुंगाबाई आतून वरवंटा घेऊन आली. धुतलेल्या खणात गुंडाळून तिने तो पाळण्यात अलगद निजवला.

“याचे किती द्यायचे?” प्रेमाने विचारलं.

“हा विकायचा नाही बाई. बाळ चालायला लागलं की त्यालाच घेऊन या, तेव्हा परत द्या.”

ऑटो पाळणा घेऊन निघाली. ती गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली तशी मेघाश्री म्हणाली, “अत्ते, मी पैसे आल्याशिवाय पाळणा सोडला नाही, आणि तुम्ही वरवंटा असाच दिलात? नाही आणला परत तर?”

तुंगाबाईने बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन चाचपली.

“येणाऱ्याला किल्ली लागत नाही गं.”