धुण्याचं पाणी

कळा सुरू झालेल्या भुरीबाईला बंडीतून उतरवलं तेव्हा दवाखान्यात प्यायचं पाणी अर्धा माठ उरलं होतं. मानोऱ्याकडून येणारा टँकर वाटेत बंद पडल्याचा निरोप होता, आणि डॉक्टर सकाळीच साथीच्या गावाला गेले होते. त्र्याहत्तर सालचा वैशाख. नर्स विमलबाईने पोरीच्या पोटावर हात ठेवला आणि तिला कळलं, टँकरची वाट पाहण्यात आता अर्थ नाही.

"पाणी," भुरीबाई म्हणाली.

विमलबाईने तांब्या दिला. तो एका दमात रिकामा झाला आणि पुन्हा पुढे आला. विमलबाईने पुन्हा भरला. बंजारा तांड्यापासून बंडीमागे पायी आलेली तिची सासू, सोजरबाई, दारात बसून माठाकडे पाहत होती. तिला विचारलं तर ती नको म्हणाली. ओठ मात्र कोरडे पडले होते.

मागच्या पडवीत विटांवर एक पत्र्याचं पिंप ठेवलेलं होतं. तळाला खडी, त्यावर कोळसा, त्यावर नाल्यातली धुतलेली रेती. दुष्काळ पडल्यापासून बाळंतिणींच्या चादरी, लुगडी धुतलेलं पाणी विमलबाई फेकत नसे. ते निवळू देई, वरचं वरचं पिंपात ओती, आणि खालच्या तोटीतून थेंब थेंब येणारं घागरीत धरी. त्यावर फरशी पुसून निघे, चादरी पुन्हा धुतल्या जात. माणसाच्या अंगाला ते तिने कधी लावलं नव्हतं.

आज तिने ती घागर चुलीवरच्या पातेल्यात रिकामी केली. पाणी खळखळ उकळलं तरी पातेलं उतरवलं नाही, तसंच उकळू दिलं. मग जंतू मारायचं लाल औषध घातलं, वाकून वास घेतला. वास कसलाच नव्हता. तरी तिचा जीव थाऱ्यावर येईना. लेकराला काही झालं तर काय तोंड दाखवायचं? आणि माठ लेकराला धुवायला राखून ठेवला तर या पोरीच्या घशात काय घालायचं?

आतून भुरीबाई ओरडली. विमलबाईने त्या पाण्याने कोपरापर्यंत हात धुतले आणि आत गेली.

मुलगी झाली तेव्हा ऊन पडवीत आलं होतं. ती लगेच रडली नाही. विमलबाईने तिला पालथं धरलं, पाठ चोळली, पुन्हा चोळली. सोजरबाई भिंतीला धरून उभी राहिली. मग पोर एकदम रडली, आणि भुरीबाईने मान टाकून डोळे मिटले. विमलबाईने चुलीवरचं ते पाणी कोमट करून घमेल्यात घेतलं, पोरीला स्वच्छ केलं आणि सोजरबाईच्या मांडीवर दिलं.

सोजरबाईने नातीचं ओलं जावळ बोटांनी सारखं केलं. बराच वेळ ती तेच करत होती.

"बाई," ती म्हणाली, "माठ तं तुमी भुरीले पाजला. मंग हे पाणी कुठचं?"

विमलबाईला खोटं बोलता आलं असतं. टँकरचं राहिलेलं, असं म्हटलं असतं तर कोण पाहायला येणार होतं?

"पिंपातलं हाय, माय. धुण्याचं पाणी. गाळलं, उकळलं, मंग घेतलं."

"कोनाच्या धुण्याचं?"

असला प्रश्न तिने आजवर पुष्कळ तोंडांतून ऐकला होता, पण तो दर वेळी तिच्याच जातीविषयी असे.

"ज्या ज्या इथं बाळंत झाल्या त्यायच्या," ती म्हणाली. "पाटलाची सून होती. दुकानवाल्या शेठची प्रेमाबाई होती. आमच्या बौद्धवाड्यातली वच्छला होती. तुमच्या तांड्यातली हेमलाची बायको होती. पिंप एकच हाय."

विमलबाई कात्री, चिंध्या गोळा करू लागली, पण तिचे कान मागे लागले होते. म्हातारी आता बंडी जुंपायला सांगेल, ओल्या बाळंतिणीला घेऊन या उन्हात निघेल, असं तिला वाटत होतं.

सोजरबाई उठली. नातीला तिने भुरीबाईच्या कुशीत ठेवलं. मग नातीला धुतलेल्या पाण्याचं घमेलं दोन्ही हातांनी उचललं आणि बाहेर निघाली. दारासमोरच्या वाळलेल्या लिंबाच्या आळ्याशी ती क्षणभर थांबली. तिथून वळून ती मागच्या पडवीत आली. विमलबाई तिच्या मागोमाग गेली.

"वरतून टाकू का?"

"निवळू द्या लागते अदुगर. गाळ बसला पाह्यजे."

"बसू दे."

सोजरबाईने घमेलं पिंपाजवळ, सावलीत ठेवलं. धूळ पडू नये म्हणून ओढणीचा पदर त्यावर पसरला आणि ती तिथेच टेकून बसली.

"आज अंधार पडाच्या अदुगर आखीन कोनी आली," ती म्हणाली, "तं लागन."