कागदाच्या कडेचं पांढरं

बिशपांचे चिटणीस दुप्रे मोटारीतून उतरले ते थेट सिनेमाच्या भिंतीकडे चालत गेले. मालकीण आर्मेल दारातच उभी होती, पण तिच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पोस्टरकडे मात्र डोळे बारीक करून पाहत राहिले.

पोस्टरवर एका तरुणीचा चेहरा होता. पापण्या झुकलेल्या, ओठ किंचित उघडे. हनुवटीखालून थेट कमरेपर्यंत, चित्र संपतं तिथवर, तपकिरी कागद चिकटवलेला, आणि त्यावर फादर एर्वे यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं : 'धर्मगुरूंच्या आज्ञेवरून'.

असा कागद दर आठवड्याला लागायचा. पॅरिसहून पोस्टरची घडी आली की आर्मेलने ती न उघडता फादरांच्या घरी न्यायची, पहाटे फादरांनी खळीचं डबडं घेऊन स्वतः यायचं आणि गाव उठायच्या आत झाकायचं ते झाकायचं, असा शिरस्ता होता. सोमवारी पोस्टर धुऊन काढतानाही ते जातीने हजर असत. रविवारच्या प्रवचनात त्यांचं एक वाक्य ठरलेलं : त्या कागदाखाली जे आहे ते पाहून कुणाचंही भलं होणार नाही.

नको म्हटलं की माणसाची मान आधी तिकडेच वळते. संध्याकाळी सिनेमात बसायला जागा मिळत नसे. पडद्यावर काही विशेष दिसलं नाही तर लोक म्हणत, म्हाताऱ्याची कात्री इथेही आपल्याआधी पोचली. आणि पुढच्या रविवारी आशेने पुन्हा येत, बिचारे.

नवरा बोटीसकट बुडाल्यावर आर्मेलच्या हाती हे एक सिनेमाघर तेवढं उरलं होतं. शहरातल्यांनी नाकारलेली, स्वस्तातली रिळं ती आणायची. सुरुवातीला प्रेक्षक दोनच, ती आणि तिची मांजर. बटाट्याचा व्यापारी कोठारासाठी जागा मागत दाराशी घिरट्या घालायचा. फादर एर्वे यांनीच तिचा बाप्तिस्मा केला होता, तिचं लग्न लावलं होतं, आणि नवऱ्याची रिकामी शवपेटीही त्यांनीच पुरली होती. त्यांनी पहिला कागद लावला तेव्हा गावातल्या बायका हळहळल्या. पोटच्या पोरीसारखी होती ना ती त्यांना, मग एवढा कडकपणा कशाला?

मोटार पाहून चौकात गर्दी जमली. मासळीच्या कारखान्यातल्या बायका हातही न धुता आल्या. कारण होतंच तसं. या खेपेचा कागद फादरांनी जरा तोकडा कापला होता, आणि त्याच्या डाव्या कडेला बोटभर पांढरं काहीतरी बाहेर डोकावत होतं. गावात दुसरा विषय नव्हता. न्हावी म्हणे, खांदा. बायका म्हणत, खांदा इतका खाली असतो का मेल्या, ती आतल्या कपड्याची झालर आहे.

दुप्रेंचीही नजर नेमकी तिथेच गेली. हे काय आहे, असं त्यांनी आर्मेलला विचारलं. फादरांना विचारा, एवढंच ती कसंबसं म्हणाली.

दुप्रेंनी कडेखाली नख सरकवलं. कागद करकरला. आर्मेलने दाराची चौकट घट्ट धरली. हा कागद या सगळ्यांदेखत निघाला की आपला सिनेमा संपला, हे ती पुरतं ओळखून होती. मग आठवडाभरात आत बटाट्याची पोती.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत फादर एर्वे आले. धाप लागलेली, झग्याच्या बाहीवर वाळलेली खळ.

"काढा, काढा," ते म्हणाले. "मी अडवणारा कोण? फक्त भर चौकात, बायापोरांसमोर हा कागद कोणाच्या हाताने निघाला, तेवढं बिशपसाहेबांना तुमचं तुम्ही सांगा."

दुप्रेंचं नख थांबलं. "इतकं वाईट आहे?"

"मी पाहिलंय ते. पुन्हा बघायची माझी तरी इच्छा नाही."

"तुम्ही बघून घ्या की, साहेब," गर्दीतून म्हातारी कातेल म्हणाली. "आम्ही डोळे मिटतो. अगदी घट्ट."

बायका फिदीफिदी हसल्या. दुप्रेंचे कान लाल झाले आणि हात मागे आला. मग त्यांनी सिनेमाच बंद करण्याची भाषा केली. फादर शांतपणे म्हणाले, करा की. ही माणसं मग शहरात जातील, आणि तिथे कागद लावायला कोणी नाही. यापुढे कागद घोट्यापर्यंत हवा आणि ते पांढरं आत्ताच्या आत्ता झाका, असा हुकूम सोडून दुप्रे मोटारीत बसले. फादरांनी खिशातून कागदाचा तुकडा काढला आणि थुंकी लावून चिकटवला.

त्या रविवारी लोक पायऱ्यांवरसुद्धा बसले.

सोमवारी सकाळी बंदरावर धुकं होतं. चौकात फादर आणि आर्मेलशिवाय कोणी नव्हतं. तिने बादलीत बोळा बुडवला.

"इतका तोकडा कसा कापलात? माझा जीव गेला होता. परत कोणी फिरकलं नसतं इथे."

"म्हातारा झालो गं. पुढच्या वेळी कात्री तू धर."

तिला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. या माणसाचे उपकार कसे फेडायचे, तिला कळत नव्हतं. तिने ओला बोळा फिरवला. कागद सुटून बादलीत पडला. खाली राखाडी लोकरीचा झगा होता, हनुवटीपर्यंत सगळी बटणं लावलेला, त्यावर जाड शाल, शालीवर क्रूस. आणि डाव्या बाजूला, कुशीतल्या कोकराचा पांढरा कान.