काजळी कस्तुराची शीळ

ऑनलाइन ज्ञानकोशात, नामशेष झालेल्या काजळी कस्तूर पक्ष्याच्या लेखाखाली भार्गव टेंबेंनी परत स्वतःचाच दुवा चिकटवलेला पाहून संपादक मृदुला खांबेटेचं डोकं फिरलं. पक्षी-अभ्यासक टेंबे कधीच वारले होते, पण त्यांची संगणकातली बोलकी प्रत ज्ञानकोशाच्या संपादकांचा पिच्छा सोडत नव्हती. तिने रागारागाने दुवा उघडला.

"टेंबेकाका, इथे जाहिरात चालत नाही हो! लेखात मावणार नाही असं काही असेल, तरच बाहेरचा दुवा देतात. तुमच्याकडे काय आहे असं?"

"त्याची शीळ."

"ध्वनिमुद्रण आहे?"

"कुठलं! लहानपणी ऐकलेली, तेवढीच."

"म्हणजे आधार शून्य."

म्हातारा वाद घालत बसला नाही. त्याने शीळ घातली. ती वर वर चढत गेली आणि पलीकडून कुणी उत्तर देईल म्हणून थांबावी, तशी मध्येच थांबली.

नियमांच्या नावाने बोटं मोडत मृदुलाने दुवा राहू दिला.

संध्याकाळी बघते तर दुवा गायब! दुसऱ्या संपादकाचा शेरा होता: 'मृताची स्वजाहिरात. काढला.'

"अरे, निदान ऐकायचं तरी आधी!" असं करवादत तिने तो परत चिकटवला.